दाखला आणि दृष्टांत : मराठी ख्रिस्ती वाङ्मयांतील नित्य व्यवहाराचे धडे

मराठी शुभवर्तमानांत येशू ख्रिस्तानें सांगितलेल्या गोष्टींस ‘दाखला’ हा शब्द योजिलेला आहे. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या नाण्याचा दाखला, खमिराचा दाखला, असे ते सर्वत्र प्रसिद्ध आहेत. मोडी दप्तरांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा संशोधकांस हा शब्द येथें पाहून थोडें थबकावें लागतें. ‘दाखला’ मूळचा अरबी. फारशींतून तो आपल्या दप्तरांत आला. आणि तेथें त्याचा अर्थ नोंद, पावती, पूर्वींच्या वहिवाटीचा पुरावा असा आहे. वतनाच्या वादांत देशपांडे व कुळकर्णी पुढें करीत तो दाखला. उलट ‘दृष्टांत’ हा खरोखर उदाहरणाचा वाचक असलेला जुना शब्द मराठी बायबलांत निराळ्याच कामीं लागला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्रास किंवा पौलास जें दिसतें तो दृष्टांत. न्यायशास्त्राचा अर्थ सोडून भाषांतरकारांनीं येथें वारकऱ्यांच्या बोलण्यांतला अर्थ घेतला. तुकोबांस स्वप्नांत गुरूपदेश झाला त्यासहि आपण दृष्टांतच म्हणतों.

तेव्हां चूल, जातें, शेत, विहीर यांतून श्रद्धेचा धडा काढण्याच्या रीतीस मराठी ख्रिस्ती लोकांनीं पुराव्याचें नांव दिलें, ही गोष्ट नुसती शब्दांची गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. ही रीत पाद्र्यांनीं आपल्याबरोबर आणली असा सर्वसाधारण समज आहे. शुभवर्तमान समुद्रापलीकडून आलें हें खरेंच. परंतु अशा गोष्टी ऐकण्याची व त्यांतून अर्थ काढण्याची संवय या देशांत फार पूर्वींपासून होती. शिवाय परक्या भूमींतला दाखला येथील जमिनींत पडल्यावर कोठें तसाच उगवला, कोठें त्याचें रूप पालटलें, आणि एके ठिकाणीं तर तो मूळच्याहून अधिक झोंबणारा झाला. हें पाहण्यास लातूर व नांदेडकडील काळ्या जमिनीसारखें दुसरें ठिकाण आम्हांस दिसत नाहीं.

या बाजूची परंपरा प्रथम सांगितली पाहिजे. चक्रधरस्वामींच्या सूत्रांवरून केशिराजबास यांनीं सिद्ध केलेला ‘दृष्टांतपाठ’ वाचकांस विदित आहे. त्यांत एकशें चौदा दृष्टांत असून प्रत्येकाची रचना ठरलेली आहे : आधीं सूत्र, मग दृष्टांत, मग त्याचा उलगडा करणारें दार्ष्टांतिक. आंधळ्यांनीं हत्ती चांचपल्याची गोष्ट, माळी, धोबी, गुराखी, गांवांतलीं साधीं माणसें, हीच त्यांतली सामग्री. हा ग्रंथ महानुभावांनीं सांकेतिक लिपींत झांकून ठेविल्यामुळें बाहेरच्यांस शतकानुशतकें वाचतां आला नाहीं. त्याची रीत मात्र झांकली गेली नाहीं. ज्ञानदेवांपासून नाथांपर्यंत मराठी श्रोत्यास घरगुती वस्तूंतून परमार्थ ऐकण्याचें वळण लागलें तें लागलेंच. लातुरापासून एका मजलेवर असलेल्या अंबाजोगाईस दासोपंतांनीं पंचीकरणाचा विषय कागदावर न लिहितां सुमारें चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे शेतकऱ्याचें थंडींतलें पांघरूण. हस्तलिखितांचा संग्रह करणारांनीं ती पासोडी पाहिली नसेल तर अवश्य पाहावी. नित्य वापरांतली वस्तु स्वतःच पोथी झाल्याचें याहून ठळक उदाहरण मिळणें कठीण.

येथें कालगणनेची एक बाब नमूद करण्यासारखी आहे. दासोपंतांचें निधन शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस झालें. कित्येक पुस्तकांत त्याचें ख्रिस्ती वर्ष १६१५ असें छापलेलें आढळतें. पण शके १५३७ चा माघ इ. स. १६१६ च्या आरंभीं पडतो. आणि त्याच १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें फादर थॉमस स्टीफन्स यांचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालें. दोघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध होता असें आम्ही म्हणत नाहीं. मराठी ओवी एकाच वर्षीं मांजरेच्या खोऱ्याजवळ एका मोठ्या कवीस मुकली आणि समुद्रकांठीं एका इंग्रजाच्या हातून छापखान्यांत गेली, एवढेंच.

स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचा. तो येशूसंघी होऊन १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरला आणि १६१९ सालीं वारला. मधलीं चाळीस वर्षें बहुतेक साष्टीकडे गेलीं. ‘ख्रिस्तपुराणा’चीं पहिलें व दुसरें अशीं दोन पुराणें, त्यांचे अनुक्रमें छत्तीस व एकोणसाठ ‘अवस्वरू’, आणि सर्व मिळून अकरा हजारांच्या जवळपास ओव्या आहेत. ग्रंथाचा उगम त्यानें एका व्यावहारिक अडचणींत दाखविला आहे. नव्यानें ख्रिस्ती झालेल्यांपैकीं एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तर सुटलीं, आतां फावल्या वेळीं आम्हीं वाचावें काय? त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे हें पुराण. भाषेसंबंधींहि त्याची दृष्टि अशीच व्यवहाराची होती. जुन्या कवीश्वरांचे अवघड शब्द मध्यम लोकांस कळत नाहींत म्हणून ते टाळले आणि तेथील ब्राह्मणांच्या बोलींतले सोपे शब्द मिसळले, असें त्यानें गद्य प्रस्तावनेंत सांगितलें आहे. स्वर्गास तो ‘वैकुंठ’ म्हणतो. मराठीची थोरवी सांगतांना त्यास आपल्या मायदेशचीं फुलें आठवत नाहींत, मोगरी आठवते. मोर, कस्तुरी, कल्पतरु हे सर्व येथले. उपमा कोठून आणावी हें तो पोथ्यांतून आणि साष्टीच्या अंगणांतून अशा दोन्ही ठिकाणीं शिकला होता.

या ग्रंथाची पाठपरंपरा संग्राहकांच्या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या छापल्या गेल्या. त्यांपैकीं एकीचीहि छापील प्रत आज कोठें आढळत नाहीं. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला, आणि त्यापुढें हें पुराण जिवंत राहिलें तें लोकांनीं घरीं करून ठेविलेल्या नकलांवर. मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं अशा नकला जपल्या व त्यांच्या आधारें जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं रोमन लिपींत आवृत्ति काढली. दुसरा धागा लंडनांत निघाला. विल्यम मार्सडेन यानें १८३५ सालीं किंग्ज कॉलेजास दिलेल्या संग्रहांत याच पुराणाची देवनागरी प्रत होती. पुढें तो संग्रह प्राच्यविद्येच्या शाळेकडे गेला, आणि १९२० नंतरच्या दशकांत जस्टिन अ‍ॅबट यांनीं तिच्याकडे विद्वानांचें लक्ष वेधिलें. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज वा लॅटिन पारिभाषिक शब्द आहेत तेथें या प्रतींत पुष्कळदां संस्कृत शब्द येतात. मूळ लेखन देवनागरींतच झालें असें अ‍ॅबट यांचें मत होतें. सर्वांनीं तें मान्य केलेलें नाहीं. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति छापली तेव्हां कोठें सामान्य मराठी वाचकास हा ग्रंथ सुलभ झाला. सारांश, छापील प्रती नाहींशा झाल्या आणि घरांतल्या वह्या टिकल्या.

आतां घाट चढून वर येऊं. एकोणिसाव्या शतकांत प्रॉटेस्टंट पंथाचीं भाषांतरें आलीं. सेरामपूरहून केरी यांचा मराठी नवा करार १८११ सालीं निघाला. १८३१ सालीं अमेरिकन मंडळीनें अहमदनगरास ठाणें घातलें व १८४२ त तेथून ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. दाखले मराठींत आले, परंतु ते पॅलेस्टाइनच्या शेतांतले होते. त्यांतला प्रसिद्ध पेरणाऱ्याचा दाखला घेऊं. कांहीं बीं वाटेवर पडलें तें पाखरांनीं खाल्लें. कांहीं खडकाळ जागीं, कांहीं कांटेरी झुडुपांत, आणि कांहीं चांगल्या जमिनींत पडून शतपट झालें. मूठ भरून दाणे फोकून देण्याची जेथें चाल आहे तेथें हें स्वाभाविक आहे. कोंकणांत भाताचें रोप तयार करतांना बीं असेंच फोकतात, त्यामुळें साष्टीच्या श्रोत्यास यांत अडण्याजोगें कांहीं नव्हतें. पण लातूर, औसा, निलंगा, उदगीर, कंधार या बाजूस ज्वारी, करडई, हरभरा पिढ्यानुपिढ्या तिफणीनें पेरीत आले. बैल तिफण ओढतात, मागून चाड्यावर मूठ धरणारा चालतो. मुठींतून सुटलेला दाणा चाड्यांतून नळींत आणि नळींतून नीट तासांत उतरतो. या रीतींत बीं वाटेवर पडण्यास जागाच नाहीं. तिफणीमागें चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें दाखल्यांतला पेरणारा अडाणी तरी किंवा उधळ्या तरी ठरतो.

आमच्या मतें येथेंच दाखला नवा होतो. पॅलेस्टाइनांत श्रोत्याचें लक्ष चार प्रकारच्या जमिनींकडे जावें अशी योजना आहे. तिफणीच्या देशांत तें आधीं पेरणाराकडे जातें. मोजून मूठ सोडणाऱ्यास वाटेवर बीं टाकणारा देव समजावून सांगावयाचा, तर त्याच्या औदार्याची गोष्ट काढल्यावांचून गत्यंतर नाहीं. उलट ‘थोडी माती, खालीं खडक’ हें सांगण्यास बालाघाटच्या पायथ्याच्या माणसास भाष्याची गरज नाहीं. त्याच्या गांवींच एका अंगास काळी असते व दुसऱ्या अंगास बरड. बरडावर लवकर उगवून लवकर वाळणारें पीक त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें.

घरांच्या बाबतींत तर मराठवाडा पॅलेस्टाइनास कोंकणापेक्षां जवळचा आहे. पक्षाघाताच्या रोग्यास चौघांनीं छपरांतून खालीं सोडल्याची गोष्ट मार्क व लूक दोघेहि सांगतात. मार्काच्या मतें त्यांनीं छप्पर उकरलें. लूकाच्या मतें कौलें काढलीं. उतरत्या छपराखालीं राहणाऱ्या कोंकणी माणसास लूक पटेल, पण छपरावर खाट चढविली कशी हें त्यास कळणार नाहीं. माळवदाच्या घरांत वाढलेल्यास मार्काचा शब्दन्‌शब्द पटतो. माळवदावर जिना जातो, तेथें धान्य वाळतें, उन्हाळ्यांत माणसें निजतात. लांकडांवर अंथरलेली माती उकरून वाट करणें हें दांडगाईचें असलें तरी अशक्य नाहीं. जिचें नाणें हरवलें ती बाई दिवसा दिवा कां लावते, हेंहि जाड भिंतींच्या व खिडक्या नसलेल्या त्याच घरांत उमजतें. अंगावर नाण्यांचे दागिने घालणाऱ्या लमाणी स्त्रिया लातूर-नांदेडकडे सर्वांच्या पाहण्यांतल्या आहेत. त्या दहा नाण्यांचा कोणी कोणी भाष्यकार डोक्यावरील अलंकार असा जो अर्थ करतात, तो या लोकांस सांगण्याचें कारण पडूं नये.

जात्याविषयीं तर बोलणेंच नको. दोघी दळीत असतां एक घेतली जाईल व एक मागें राहील, असें मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायांत आहे. समोरासमोर बसून एकाच खुंट्यास दोघींचे हात, हें चित्र दोन्ही देशांत सारखें. खमिराचें मात्र तसें नाहीं. भाकरीच्या देशांत पीठ आंबवून फुगविण्याची चाल नाहीं. खमीर शब्दहि मुसलमानी भटारखान्यांतून आलेला. थोड्यानें सगळें पालटतें हा अर्थ मराठी गृहिणीस सांगावयाचा तर विरजणाचें उदाहरण तिच्या हाताशीं होतें, आणि भाषांतरकारांनीं तें घेतलें नाहीं. त्यांचें एक कारण योग्य होतें : यहुदी लोकांच्या वल्हांडण सणांत खमीर वर्ज्य आहे, आणि विरजणास तसा निषेधाचा अर्थ चिकटत नाहीं. भाषांतरकार मूळ शब्दास बांधलेला असतो; कीर्तनकार तसा नसतो. म्हणूनच अहमदनगराकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं ख्रिस्ती कीर्तन उभें केलें, याचें महत्त्व आम्ही छापील भाषांतरांहून कमी मानीत नाहीं. कीर्तनांत पूर्वरंग झाल्यावर आख्यान लावतांना खमीर सोडून विरजण घेण्यास कोणाची आडकाठी नसे.

परंतु हें सर्व ऐकणारे लोक कोण होते, हें सांगितल्यावांचून हा विषय अर्धाच राहतो. निजामाच्या राज्यांतील मराठी मुलखांत या कार्याचें मोठें ठिकाण जालना. तेथें नारायण शेषाद्री यांनीं काम उभारलें. हे मूळचे ब्राह्मण. १८४३ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यासहि मिशनऱ्यांच्या घरून न्यायालयाच्या हुकुमानें परत आणावें लागलें, व त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं खटपट केली. तें प्रकरण मुंबईच्या इतिहासांत गाजलेलें आहे. पुढें १८७० च्या सुमारास सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर नारायणरावांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाची वस्ती वसविली. तेथील लोक बहुतांशीं मांग व महार समाजांतले. नगराकडील मंडळ्यांचीहि हीच स्थिति होती.

या लोकांनीं योहानाच्या शुभवर्तमानांतील चौथा अध्याय ऐकला तेव्हां काय झालें असेल, याचा विचार केला पाहिजे. दुपारच्या वेळीं एक शोमरोनी बाई घागर घेऊन विहिरीवर येते. यहुदी पुरुष तिच्याजवळ पाणी मागतो. ती चकित होते. कारण यहुदी लोक शोमरोन्यांशीं व्यवहार करीत नाहींत. पाश्चात्य भाष्यकारांस येथें तळटीप द्यावी लागते व दोन समाजांच्या वैराचा इतिहास सांगावा लागतो. मराठवाड्यांतल्या महारवाड्यांत वा मांगवाड्यांत ती तळटीप निरुपयोगी. गांवच्या विहिरीपासून अंतरावर उभें राहून, कोणी वरून पाणी घालील तर घागर भरून नेणें, हा ज्यांचा रोजचा अनुभव, त्यांस या दाखल्याचा अर्थ शोधावा लागला नाहीं. त्यांच्या रोजच्या अनुभवासच प्रथम अर्थ मिळाला. उंच समजल्या गेलेल्या जातीच्या माणसानें खालच्याच्या घागरीचें पाणी मागावें, ही गोष्ट शास्त्रार्थानें कळणारी नव्हे. महाडास चवदार तळ्यावर लोकांनीं पाणी उचललें तें २० मार्च १९२७ रोजीं. त्यापूर्वीं कित्येक वर्षें ही विहिरीची गोष्ट खेड्यापाड्यांत वाचली जात होती. नुसत्या ऐकण्यानें विहिरी मोकळ्या झाल्या नाहींत हेंहि तितकेंच खरें, आणि ख्रिस्ती मंडळ्यांतहि जातींचीं बंधनें लवकर सुटलीं नाहींत. धर्मांतराचा इतिहास लिहिणारांनीं जमीन, दुष्काळ, शाळा हीं कारणें मांडलीं तीं योग्यच आहेत. घागरीचें कारण मात्र त्यांच्या कोष्टकांत बसत नाहीं म्हणून सुटत आलें.

पाण्याचाच धागा धरून एका निराळ्या घरांत जातां येतें. नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या आधारानें आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत, आणि त्यांच्या अभंगांची बांधणी पाहतां तें पटतें. परंतु प्रस्तुत विषयास त्यांच्यापेक्षां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अधिक महत्त्वाच्या, हें आम्ही मुद्दाम लिहितों. त्यांचे वडील बाजारांतून आलेली वस्तु धुऊन घेतल्यावांचून घरांत घेऊं देत नसत, इतकें सोंवळें. पति ख्रिस्ती झाल्यावर त्या कित्येक वर्षें वेगळ्या राहिल्या, मग त्यांच्याजवळ आल्या तरी आपलें अन्नपाणी निराळें ठेवीत. एके दिवशीं जातिभेद देवानें केलेला नसून माणसानें केलेला आहे असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि कोणाच्याहि हातचें खावयाचें-प्यावयाचें असें त्यांनीं ठरविलें. पंडित पतीच्या इतक्या वर्षांच्या युक्तिवादानें जें झालें नाहीं तें स्वयंपाकघरांतल्या रोजच्या जाचानें झालें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं. त्यांत उपदेशाचें वाक्य शोधून सांपडणें कठीण, आणि तरी मराठींत ख्रिस्ती श्रद्धा सामान्य आयुष्यांत कशी उतरते याचा तो सर्वांत भरवशाचा दाखला आहे. येथें तो शब्द आम्ही दप्तरी अर्थानें वापरतों. टिळकांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ पुढें नेऊन चौसष्ट अध्याय याच बाईंनीं रचले. तें १९३८ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर आलें.

लातूर-नांदेडकडील सामग्रीसंबंधीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत. लातूर तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत. आणि लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १६ आगस्ट १९८२ रोजीं. राज्याचा कारभार प्रथम फारशींत व पुढें उर्दूंत चाले. यामुळें येथील माणसाचा एखादा कागद शोधावयाचा तर हैदराबाद, बिदर, नगर अशा तीन दिशांस जावें लागतें, आणि पुण्यामुंबईच्या ग्रंथसूचींत त्याचा पत्ता लागत नाहीं. त्यांतच शेतीचीं साधनें पालटलीं. ज्वारीच्या रानांत सोयाबीन आलें, तिफणीच्या जागीं ट्रॅक्टरमागचें पेरणीयंत्र आलें, माळवदें मोडून सिमेंटचे स्लॅब पडले. ज्या वस्तूंवर हे दाखले उभे होते त्या नव्या पिढीनें पाहिलेल्या नाहींत. तिला आतां पॅलेस्टाइन आणि आजोबांचें शेत दोन्ही समजावून द्यावीं लागतील.

छापील गीतपुस्तकें व करार ग्रंथालयांत मिळतात. त्यांच्यासाठीं धांवाधांव नको. संग्राहकांनीं विचारपूस करावी ती कीर्तनकारांच्या हातच्या वह्यांची, उपदेशकांच्या टिपणांची, बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्यांची, आणि वृद्ध स्त्रियांच्या तोंडीं असलेल्या जात्यावरच्या ओव्यांची. मंगळूरच्या कुटुंबांनीं आपल्या वह्या जपल्या म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ आपल्या हातीं आलें. अशा वह्यांची नक्कल करतांना शुद्धलेखन सुधारूं नये, बोलींतले शब्द बदलूं नयेत. आणि पेरणाऱ्याच्या दाखल्याशेजारीं समासांत कोणीं पेन्सिलीनें ‘तिफण’ किंवा ‘बरड’ असें लिहून ठेविलें असेल, तर तो शब्द जेथें असेल तेथेंच, ओळ व पान सांगून, उतरून घ्यावा.